इंदूर ते जेजुरी, सायकलने: कामाच्या नोंदी

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

आईनं आज पुन्हा तोच विषय काढला. देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक जेजुरीला भेटवून आणायचा राहिलाय. बाबांनी नेला होता तो शेवटचा, २०११ साली. आईचे गुडघे आता पायऱ्या चढायचे नाहीत. "तू जाशील तर ने." मी म्हटलं, नेते, पण सायकलवर नेते. खरं तर थट्टेत बोलले होते.

आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "घोड्यावर बसतो तो, सायकलवर का नाही बसणार?"

आता माघार घेता येत नाही.

२७ ऑक्टोबर, रविवार

वाटेवर बसले. आमचे पूर्वज होळकरांबरोबर इकडे आले असं घरात सांगतात. पुरावा म्हणाल तर एक चिटोराही नाही. इंदुरात आमच्या रामबागेत निम्म्या घरांत हीच गोष्ट ऐकायला मिळते, तेव्हा मी ती फार ताणत नाही. पण वाट ठरवायला गोष्ट कामाची आहे. ते ज्या दिशेनं आले त्याच्या उलट जायचं आणि होळकरांच्या खुणा लागतील तिथे थांबायचं.

त्यातून निघालं ते असं: महू, जाम दरवाजा, महेश्वर. मग एबी (आग्रा-बॉम्बे) रोडने सेंधवा, शिरपूर, धुळे, मालेगाव. चांदवडला रंगमहाल. तिथून नाशिकच्या गर्दीत न शिरता लासलगाव-निफाडवरून सिन्नर, संगमनेर. पुढे खेड तालुक्यातलं वाफगाव, जिथे यशवंतराव होळकर जन्मले. शेवटी पाबळ, थेऊर, उरुळी कांचन, जेजुरी. नकाशावर ६८० किलोमीटर भरतात.

मानपूरवरून सरळ उतरले असते तर वाट जवळची होती, पण त्या घाटात ट्रकच्या रांगेतून भरलेली सायकल उतरवायची माझी छाती नाही.

तारखा: सोमवती अमावस्या ३० डिसेंबरला आहे. त्याआधी पोचायचं, म्हणजे गर्दी चुकेल.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिली चाचणी. कॅरियरच्या दोन्ही बॅगांत पाच-पाच किलो गव्हाचं पीठ भरून सिमरोलवरून चोरलला उतरले आणि परत चढले. रस्ता रुंद करायचं काम चालू, धूळच धूळ. उतरताना मजा. चढताना शेवटच्या तीन वळणांत उतरून ढकलत आणली. एक ट्रॅक्टरवाला मागून हळू येत राहिला, "दीदी, ट्रॉली में डाल दो" म्हणत. मोह झाला.

घरी येऊन हिशेब मांडला. पुढची सगळ्यात लहान चक्री २८ दातांची, मागची सगळ्यात मोठी ३२ची. ७०० बाय ३५च्या टायरचा घेर साधारण २.१७ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.९० मीटर पुढे जाते. मागे ३४ दातांची बसवली तर १.७९. अकरा सेंटीमीटर! ऐकायला काहीच नाही, पण चढावर मिनिटाला साठ फेरे मारायचे तर ताशी ६.८ऐवजी ६.४ किलोमीटरनं चालते, आणि गुडघ्याला नेमका तेवढाच फरक हवा असतो. ११–३४ची कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा जुडगा, मागवली. चेनही नवी, कारण जुनी चेन नव्या दातांवर उड्या मारते.

पीठ सांडलं नाही. त्याच्याच पोळ्या केल्या.

७ डिसेंबर, शनिवार

चंपाषष्ठी. घरी तळी भरली. वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. आषाढापासून वांगं बंद होतं, त्यामुळे सगळ्यांनी जरा जास्तच खाल्लं. नवी कॅसेट बसून चार दिवस झाले, गिअर अजून पाचव्यावर कुरकुरतोय. केबल ताणली की सरळ होतो, वीस किलोमीटरनंतर पुन्हा तेच. नवी केबल सुरुवातीला बसते, दुसरं काही नाही.

१५ डिसेंबर, रविवार

वजनाचा दिवस. स्वयंपाकघरातला काटा घेऊन सगळं एकेक करून तोललं. पावसाळी जाकीट ३१० ग्रॅम (डिसेंबरात कशाला? ठेवलं). दोन ट्यूब ३२० ग्रॅम. पंक्चरचं सामान, पंप, षटकोनी चाव्यांचा जुडगा. सुटे स्पोक तीन. मागची कॅसेट काढायची चावी आणि तिच्यासोबत लागणारा चेनचा पट्टा मिळून पाव किलोच्या वर. काढून ठेवलं. एवढ्याशा प्रवासात कॅसेट कशाला काढावी लागते?

मग आई पिशवी घेऊन आली. टाक लाल फडक्यात बांधलेला, २४ ग्रॅम. भंडारा २०० ग्रॅम. खोबऱ्याच्या वाट्या, उधळायला, ४६० ग्रॅम. "जेजुरीत मिळतं गं सगळं," म्हटलं. "मिळतं. पण हे घरचं आहे."

एकूण ११ किलो ४००. टाक हँडलवरच्या बॅगेत, फोनच्या शेजारी नाही, वेगळ्या कप्प्यात. ही आईची अट.

२३ डिसेंबर, सोमवार. इंदूर ते महेश्वर, ८६ किमी

साडेपाचला निघाले. राजवाड्याजवळ पहिली पोह्याची गाडी लागत होती, पण मी कुठली थांबतेय! राऊ, महू, मग जंगलातला रस्ता. जाम दरवाजा अहिल्याबाईंनी १७९१मध्ये बांधून घेतला. विंध्याच्या कड्यावर अगदी टोकाला उभा आहे. माळवा तिथे संपतो आणि खाली निमाड धुक्यात बुडालेला दिसतो. सोमवार असूनही सेल्फीवाल्यांची गर्दी.

उतार तीव्र आहे. रिमला घासणारे ब्रेक सलग दाबून धरले की रिम तापते आणि आतली ट्यूब फुटू शकते. म्हणून दाबायचे, सोडायचे, दोनदा थांबून रिमला हात लावून बघायचं. दुसऱ्यांदा बोट पटकन मागे घेतलं.

मंडलेश्वरला नर्मदा परिक्रमेची तीन माणसं भेटली, दोन आजी आणि एक काका, साताऱ्याकडचे. पायी. प्रत्येकाकडे एक झोळी, एक कमंडलू, एक काठी. माझ्या बॅगा बघून एक आजी म्हणाल्या, "एवढं काय नेतेस गं बाई?" उत्तर सुचलं नाही. मला परिक्रमेतलीच समजून त्यांनी गूळ दिला. नर्मदे हर.

आजपासून एक मोजणी सुरू केली आहे, "अकेली?" हा प्रश्न किती वेळा आला याची. आज १४.

२४ डिसेंबर, मंगळवार. महेश्वर ते सेंधवा, १०१ किमी

सकाळी घाटावर अर्धा तास. जागा जितकी सुंदर तितकी तिच्याबद्दल सगळ्यांनी लिहिलेलं आहे, मी सोडते.

धामनोदला एबी रोडला लागले. खलघाटच्या पुलावर थांबून नर्मदेत नाणं टाकलं. पुढे ठीकरी, जुलवानिया. महामार्गाची कडेची पट्टी रुंद आहे पण टायरच्या फाटक्या जाळ्यांतल्या बारीक तारा तिथेच पडलेल्या असतात. दोन पंक्चर, दोन्ही तसल्या तारांचीच. दुसऱ्या वेळी तार टायरमध्येच राहिली होती. आतून बोट फिरवून शोधली आणि नखांनी ओढून काढली. हे पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

इकडे मनमाड-इंदूर रेल्वेची चर्चा प्रत्येक चहाच्या टपरीवर. सप्टेंबरात मंत्रिमंडळानं मंजूर केली ना, ३०९ किलोमीटरची. सेंधव्याच्या लोकांना वाटतं आता गाडी येणार. माझ्या आजोबांनाही वाटायचं.

अकेली: ११. शिवाय एकदा "पति ने छोड़ दिया क्या?" तो वेगळा मोजला.

२५ डिसेंबर, बुधवार. सेंधवा ते शिरपूर, ४९ किमी

आज धुळ्यापर्यंत जायचं होतं. नाही झालं.

बीजासनमातेला नमस्कार करून घाट उतरत होते. अर्ध्या उतारावर गतिरोधकांची ओळ, आणि त्यातल्या शेवटच्यावर मागून टण्ण असा आवाज. तंबोऱ्याची तार तुटावी तसा. मागचं चाक डुलायला लागलं, ब्रेकला घासायला लागलं. उतरून बघितलं तर मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला, चेनच्या बाजूचा, हबपाशी (चाकाच्या मधल्या तुंब्यापाशी) कोपऱ्यातच.

चेनच्या बाजूचाच का, हे मला वाचून माहीत होतं. मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून त्या बाजूचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि त्यांना दुसऱ्या बाजूपेक्षा खूप जास्त ताण द्यावा लागतो. त्यात अकरा किलो सगळं मागे. चाक फिरताना खाली आलेला स्पोक दरवेळी सैल पडतो आणि वर गेला की ताणला जातो. हजारो फेऱ्यांनी तो वाकलेल्या कोपऱ्यात थकतो आणि कधीतरी एका दणक्याला जातो. माझ्याकडे सुटे स्पोक तीन होते. पण नवा स्पोक घालायचा तर कॅसेट काढावी लागते, आणि कॅसेटची चावी रामबागेत, कपाटाच्या वरच्या फळीवर होती.

मागचा ब्रेक मोकळा सोडला, पुढच्या एकट्या ब्रेकवर पळासनेर, तिथून शिरपूर. ताशी बारा किलोमीटर.

शिरपूरला बाजाराच्या मागे एक दुकान. दारात काळ्या सायकली, आत खांबाला ट्यूबांच्या माळा. मालक सत्तरीचे असावेत. "कथा चालनी माय?" मी मराठीत उत्तर दिल्यावर त्यांनी अहिराणी सोडली आणि माझ्यासाठी शाळेतली मराठी काढली. जेजुरी म्हटल्यावर चाक हातात घेतलं. त्याआधी नुसतं बघत होते.

त्यांच्याकडे जुन्या फ्रीव्हीलची चावी होती, माझ्या कॅसेटला लागणारी नव्हती. मी म्हटलं, धुळ्याला बसनं जाते. ते म्हणाले, बसा. मग जुन्या २८ इंची सायकलचा जाड स्पोक काढला. तो माझ्या स्पोकपेक्षा लांब. डोक्याकडून दीड बोट कापला. कापलेलं टोक पकडीत धरून आधी एका बाजूला वाकवलं, मग लगेच उलट, झेड अक्षरासारखं. हबच्या भोकात ते टोक कॅसेटच्या मागून, चाक तिरकं धरून, सरकवलं. डोकं नसल्यामुळे आत जातं आणि ताण दिला की वळण भोकात अडकून बसतं. निपल, म्हणजे स्पोक रिमला आवळायची छोटी नट, माझीच. त्यावर दोन थेंब तेल. मग चावी पाव-पाव फिरवत, ब्रेकच्या गुटक्यापाशी बोट धरून, वीस मिनिटं चाक सरळ केलं. आजूबाजूच्या चार स्पोकना टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि मान हलवायची. माझ्याकडे ताण मोजायचं ॲप आहे हे मी सांगितलं नाही.

"हा तात्पुरता. पण पुण्यापर्यंत जाईल." किती झाले? "चाळीस." शंभर दिले, साठ परत केले. मग आत जाऊन चहा सांगितला.

एवढं झाल्यावर थाळनेरला जायचं त्राण उरलं नाही. तापीकाठचा तो किल्ला इथून जवळ आहे. १८१८च्या फेब्रुवारीत मंदसोरच्या तहानंतर सुद्धा होळकरांच्या किल्लेदारानं तो सोडला नाही, आणि इंग्रज सेनापती हिस्लॉपनं किल्ला घेऊन त्याला फाशी दिलं. बघायचा होता. राहिला.

"एकट्याच?" आजपासून मराठीत. ६. जमावानं चाक बघण्यात लक्ष घातल्यामुळे आकडा कमी.

२६ डिसेंबर, गुरुवार. शिरपूर ते मालेगाव, १०८ किमी

तापी, सोनगीर, धुळे. ज्याला आम्ही एबी रोड म्हणतो त्याला धुळ्यात आग्रा रोड म्हणतात. म्हणजे इंदुरात तो दोन्हीकडे जातो आणि धुळ्यात फक्त आग्र्याला. सामान अर्धं पुढे घेतलं: खोबरं, पाणी, कुलूप सगळं हँडलवर. सायकल वळायला जड झाली पण मागचं चाक गप्प आहे. दर दहा किलोमीटरला थांबून त्या झेडला टिचकी. बाकीच्यांपेक्षा जाड आवाज देतो.

एकट्याच: ९.

२७ डिसेंबर, शुक्रवार. मालेगाव ते लासलगाव, ६८ किमी

नाश्त्याच्या हॉटेलात टीव्हीवर मनमोहन सिंगांची बातमी. काल रात्री गेले. कोणी काही बोलत नव्हतं, मालकानं आवाज मात्र वाढवला.

चांदवडची चढण लांब, पण गिअर कमी पडला नाही. ते अकरा सेंटीमीटर आज वसूल. रेणुकामातेला खालूनच हात जोडले. रंगमहाल म्हणजे होळकरांचा वाडा. चांदवडची टांकसाळ, चांदवडी रुपया, हे सगळं वाचून गेले होते. प्रत्यक्षात माझ्या लक्षात राहिले ते लाकडी खांब. इंदूरच्या राजवाड्यात असे खांब बघतच वाढले, त्यामुळे परगावी आल्यासारखं वाटलंच नाही. तिथल्या एका काकांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या? मराठी बोलता, पण मधेच हिंदी होता." मधेच हिंदी होता! हे मी लिहून ठेवलं.

दुपारी आभाळ भरून आलं आणि लासलगावच्या आधी आठ किलोमीटरवर पाऊस. डिसेंबरात. ३१० ग्रॅमचं जाकीट. रस्त्यावर लाल कांद्याचे ट्रॅक्टर, ताडपत्र्या ओढायची धावपळ. ओल्या रिमवर ब्रेक धरायला क्षणभर उशीर लावतात आणि मातीचं पाणी गुटके झिजवतं. संध्याकाळी बघितलं तर मागचे निम्मे उरले होते. टाक कोरडा आहे. खोबऱ्याला जरा ओल लागली, पंख्याखाली पसरून ठेवलं. लॉजवाल्याला वाटलं मी खोबऱ्याची व्यापारी.

२८ डिसेंबर, शनिवार. लासलगाव ते संगमनेर, ९२ किमी

निफाडकडे द्राक्षबागांमध्ये पहाटेपासून फवारणीचे ट्रॅक्टर. पाणी घ्यायला थांबले तिथल्या वहिनी म्हणाल्या, मण्यात पाणी उतरलं की तडे जातात, रात्रभर झोप नाही. त्यांनी पेरू दिले. मी काय बोलणार? सिन्नरला गुटके बदलले. संगमनेर. बाकी काही नाही.

एकट्याच: ७.

२९ डिसेंबर, रविवार. संगमनेर ते वाफगाव, ९७ किमी

चंदनापुरीचा घाट थंडीत चढले. आळेफाटा, नारायणगाव, मंचर, हा महामार्ग मला आवडला नाही. कडेला पट्टी कधी आहे, कधी नाही. मंचरच्या पुढे आत वळले आणि एकदम शांत झालं. ज्वारी, ऊस, मधे मधे मेंढ्यांचे वाडे.

वाफगावचा भुईकोट संध्याकाळच्या उन्हात बघितला. तटबंदी, बुरूज. या किल्ल्यात बरीच वर्षं शाळा भरायची. यशवंतराव इथे १७७६मध्ये जन्मले. एका घरी राहायची सोय झाली. इंदूरहून आले म्हटल्यावर आजोबा उठून बसले. "म्हणजे आमच्याकडचेच." मी पूर्वजांची ती बिनकागदाची गोष्ट सांगितली. त्यांनी कागद मागितला नाही. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा. आजींनी टाक बघायला मागितला, हात धुऊन घेतला, कपाळाला लावला, परत फडक्यात बांधला. माझ्यापेक्षा नीट.

इथे प्रश्न असा आला: "देव आणि तुम्ही, दोघंच?" मोजणीत कुठे धरायचा कळेना.

३० डिसेंबर, सोमवार. वाफगाव ते जेजुरी, ९४ किमी

म्हणजे नेमकी सोमवती. शिरपूरला गेलेला एक दिवस थेट गर्दीत आणून सोडून गेला.

पाबळला मस्तानीची समाधी वाटेवरच. शिक्रापूर ते वाघोली नुसतं सहन केलं. थेऊरला चिंतामणीच्या देवळात पाणी प्यायले. उरुळी कांचनवरून शिंदवण्याचा घाट, शेवटची चढण. दोन वळणं ढकलली. झेड टिकला.

जेजुरीच्या अलीकडे पाच किलोमीटरवरच रस्ता माणसांनी भरलेला. पालखी कऱ्हेच्या स्नानाला निघालेली. सायकल एका भंडाऱ्याच्या दुकानात लावली. दुकानदार म्हणाला, "कुलूप नको, आज कोण चोरतंय." तरी लावलं. पायऱ्या चढताना पोटऱ्या थरथरत होत्या. चढायचे स्नायू वेगळे असतात हे आठवड्याभरात विसरले होते. गाभाऱ्यात पुजाऱ्यानं टाक घेतला, देवाला लावला, वर भंडारा टाकून माझ्या हातात दिला. दोन सेकंद. मागून रेटा. बाहेर येऊन आईचं खोबरं उधळलं, जरा मऊ पडलेलं. वरून कोणाचा तरी भंडारा डोक्यावर. येळकोट येळकोट जय मल्हार. आईला फोन लावला तर नुसता गलकाच ऐकू गेला असणार. तिनं तो पाच मिनिटं ठेवला नाही.

एकूण ६९५ किमी, ८ दिवस, पंक्चर ३ (तिसरं सिन्नरपाशी, लिहायचं राहिलं), स्पोक १.

आज एकदाही कोणी विचारलं नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

धाकटी बहीण सासवडपर्यंत गाडी घेऊन आली. दिवे घाट सायकलवर उतरायचा बेत होता. तिनं उतरू दिलं नाही. मी फार भांडले नाही. परवा बसच्या डिकीत सायकल आडवी घालून इंदूर.

५ जानेवारी २०२५, रविवार

टाक देव्हाऱ्यात. आईनं फडकं धुतलं नाही, तसंच घडी घालून ठेवलं.

मागचं चाक जेल रोडच्या मेस्त्रीकडे. त्यानं कॅसेट काढली आणि अजून दोन स्पोकना कोपऱ्यात बारीक चीर दाखवली. चेनच्या बाजूचे सोळाही बदलून घेतेय. झेड बघून तो हसला, मग दोनदा फिरवून बघितला आणि विचारलं, "मी ठेवू का?" नाही म्हटलं. कॅसेटची चावी आणि पट्टा यादीत परत, पाव किलो.

चेन डिझेलमध्ये तीनदा धुतली. जेजुरीच्या दुकानात सायकल उभी होती तेव्हा तेलकट कड्यांवर बसलेला भंडारा आत पिनांपर्यंत गेलाय. फडका अजून पिवळाच निघतोय.